जपानात आठ वाजेपर्यंत

सहदेव धुरीने आयुष्यात एकच घोषवाक्य स्पर्धेला पाठवलं, त्याला पहिलं बक्षीस मिळालं, आणि ते त्याने लिहिलेलं नव्हतं. चारकोपच्या सेक्टर दोनमध्ये आज ही गोष्ट शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तेव्हा मात्र ती फक्त दोघांना ठाऊक होती, सहदेवला आणि त्याच्या बायकोला, मालनला. मालन बोलणार नव्हती आणि सहदेवला बोलायला तोंड नव्हतं.

झालं असं की अठ्ठ्याऐंशी साली 'मयूरध्वज' प्लास्टिक पिंपाबरोबर एक कुपन यायला लागलं. 'आमच्या घरी मयूरध्वज पिंप हवेच, कारण...' आणि पुढचं दहा शब्दांत आपण पूर्ण करायचं. पिंपं बनवायची मशीनं जपानची, म्हणून बक्षीसही जपानचं. बेप्पू नावाच्या शहरात, जमिनीतून उकळतं पाणी येतं तिथल्या आलिशान हॉटेलात, दोघांना तीन रात्री. सहदेव मरोळच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होता आणि सोसायटीच्या नोटिसा तोच लिहायचा, त्यामुळे तो स्वतःला लेखणीचा माणूस समजे. चार संध्याकाळी तो 'कारण जल हेच जीवन' एवढ्यावरच अडकून बसला. जीवनाच्या पुढे काय ते सुचेना. शेवटी फरशी पुसणारी मालन वैतागून म्हणाली, "कारण नळ जातो, पिंप राहतं. त्यात एवढं लिहायचं काय असतं? पाय उचला."

सहदेवने पाय उचलले आणि तेच लिहून टाकलं. खाली 'कुटुंबप्रमुखाचे नाव' असा रकाना होता, तिथे स्वतःचं नाव घातलं. रकानाच तसा होता, त्याला तो बिचारा काय करणार.

दोन महिन्यांनी पत्र आलं. 'श्री. सहदेव गोविंद धुरी, आपल्या प्रतिभेस सलाम.' सहदेवने ते दारात उभं राहून मोठ्याने वाचलं, मग ओटीवर उभं राहून वाचलं, मग लोक जमल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मालन शेवटी उभी होती. तिने एकच प्रश्न विचारला.

"तिकडे पाणी किती वाजता येतं?"

"अगं, तिकडे जातच नाही. चोवीस तास."

मालनने मनातल्या मनात काहीतरी हिशेब केला. मग म्हणाली, "मग मी झोपणार. आठ वाजेपर्यंत."

हे हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. चारकोपच्या त्या बैठ्या घरांत पाणी पहाटे पावणेपाचला यायचं आणि साडेपाचला जायचं. मालन साडेचारला उठायची. लग्न होऊन बावीस वर्षं झाली, आधी लालबागच्या चाळीत आणि आता इथे, ताप असो, सण असो, आदल्या दिवशी कुणाचं लग्न असो, बाई साडेचारला उठली नाही असं झालं नव्हतं. ह्या बावीस वर्षांत सहदेव काय करत होता, असं तुम्ही विचाराल. सहदेव झोपलेला होता. आता ते पत्र हातात घेऊन उभा असताना त्याला पहिल्यांदाच त्याची लाज वाटली. ती लाज त्याने भलत्याच जोरात बाहेर काढली. "झोपणार म्हणजे झोपणारच," तो सगळ्यांसमोर म्हणाला. "आठ वाजेपर्यंत. माझा शब्द आहे."

"मालनवहिनी आठ वाजेपर्यंत झोपली तर मी मिशी काढीन," लवू तावडे म्हणाला.

हा लवू समोरच्या घरातला. त्याचा मेव्हणा मस्कतला होता, त्यामुळे सबंध परदेश हा लवूचा विषय. "सहदेवा, जपान म्हणजे काय कणकवली न्हय," तो बजावायचा. "थंय मासो कच्चो खातत, म्हायत असा? आणि मेल्या, घड्याळ फिरवू नको. एकदा फिरवलेलं घड्याळ परत जाग्यावर येणा नाय." शेजारच्या शेवंतीकाकूंचा सल्ला वेगळा. त्या मालनला आतल्या खोलीत घेऊन गेल्या आणि कानात म्हणाल्या, "तांब्या ने. बाहेरच्या देशात सगळं मिळतं, तांब्या मिळत नाही." मग गल्लीतली जी बाई यायची ती कानात हेच सांगून जायची. शेवटी स्टीलचा मोठा तांब्या न्यायचं ठरलं. त्याबरोबर छत्र्या, साड्या आणि एक टू-इन-वन आणायच्या याद्याही जमल्या. पण त्या याद्यांचं नंतर काय झालं ते इथे नको, दोन घरांत अजून बोलणं बंद आहे.

पासपोर्टच्या कचेरीत वेगळंच लफडं झालं. मालनच्या शाळेच्या दाखल्यावर नाव होतं प्रेमा विठोबा राणे. रेशनकार्डावर होतं मालन सहदेव धुरी. लग्नात नाव बदललं, आपल्यात बदलतातच, तांदळात अंगठीने लिहिलं आणि झालं. कचेरीतला कारकून मात्र तांदूळ मानायला तयार नव्हता.

"प्रेमा कोण?"

"ही," सहदेव म्हणाला.

"आणि मालन?"

"हीच."

"मग तुमचं लग्न कुणाशी झालं?"

"लागलं प्रेमाशी. घरी आली ती मालन."

"ह्या दोघींतली जपानला कोण चाललीय तेवढं सांगा," कारकून थकून म्हणाला. त्याचंही बरोबर होतं. मग प्रतिज्ञापत्र, मग लग्नाच्या पत्रिकेची शोधाशोध, मग गावाहून भटजींचा अंगठ्याएवढ्या अक्षरातला दाखला. ह्या सगळ्यात सहदेवच्या तीन रजा गेल्या. चौकशीला हवालदार आला तो नेमका अवेळी पाणी आलेल्या संध्याकाळी. मालनने त्याच्या हातात पाइप दिला आणि म्हणाली, "भाऊ, जरा धरा, मी दुसरं पिंप पुढे घेते." हवालदार देवगडचा निघाला. त्याने दोन्ही पिंपं भरून दिली आणि 'वर्तणूक चांगली' असं लिहून गेला.

अखेर दोघं निघाली. बरोबर पिंप कंपनीचे सेल्स मॅनेजर शिवदास पै होते. सफारी सूट, हातात ब्रीफकेस, आणि दर वाक्याआड "मिस्टर धुरी, प्लीज." बँकॉक झालं, हाँगकाँग झालं, टोकियो झालं, मग एक छोटं विमान, मग मोटार. मोटारीतून उतरल्यावर मालनने पहिल्यांदा काय पाहिलं तर गटारातून वाफ येत होती. रस्त्याच्या कडेने, घरांच्या मागून, डोंगराच्या उतारावर, जिथे बघावं तिथे वाफ. सगळ्या शहराने बंब पेटवून ठेवलेला.

"अहो, हे तापवतं कोण?"

"कुणी नाही. आपोआप."

"आणि बिल?"

"नाही येत."

मालनने पदर खोचला आणि हॉटेलकडे अशी चालायला लागली की पैसाहेब मागे पडले.

हॉटेल काय वर्णावं. आठ मजले, खाली मासे सोडलेलं तळं, दारात ओळीने उभ्या राहिलेल्या किमोनोतल्या बाया, त्या सगळ्या एकदम वाकल्या. सहदेवही वाकला. त्या पुन्हा वाकल्या. सहदेव पुन्हा. हे किती वेळ चाललं असतं देव जाणे, पैसाहेबांनी त्याला कोपराला धरून लिफ्टमध्ये घातलं. खोलीत जमिनीवर चटया, जमिनीवरच गाद्या, बुटकं टेबल. मालन बघून खूश झाली, म्हणाली, "आपल्यासारखंच की. उगाच पलंगाची धास्ती घेतली होती." मोरीत मात्र लाकडाचा एवढा मोठा हौद की त्यात आख्खा लवू उभा मावला असता. मालनने नळ सोडला. उकळतं पाणी. बंद केला, परत सोडला. परत उकळतं पाणी. असं तिने पाच वेळा केलं आणि पाचव्या वेळी ती हसायला लागली. बावीस वर्षांत सहदेवने तिला नळासमोर हसताना पाहिलं नव्हतं.

मग सहदेव खालच्या हमामात, म्हणजे हॉटेलच्या सार्वजनिक न्हाणीत, गेला. खोलीत मिळालेला सुती झगा, त्याच्या आत पट्टेरी चड्डी, हातात तांब्या. दाराशीच एका म्हाताऱ्या नोकराने चड्डीकडे बोट दाखवून नम्रपणे मान हलवली. सहदेवने त्याला खुणेने विचारलं, सगळी? म्हाताऱ्याने खुणेने सांगितलं, सगळी. सहदेव परत फिरणार होता, तेवढ्यात आतून आवाज आला, "मिस्टर धुरी, प्लीज, इट इज कस्टम." आत वाफेत पैसाहेब उभे होते. सफारी नाही, ब्रीफकेस नाही, काहीच नाही. मॅनेजरला असं बघितल्यावर माणसाला स्वतःचं काही वाटेनासं होतं. सहदेवने चड्डी खुंटीला टांगली आणि आत गेला. तर आत काय, जपानातले बडे बडे लोक भिंतीशी ओळीने बुटक्या स्टुलांवर बसलेले, पुढ्यात नळ, बाजूला बादली, आणि अंगावर भांड्याने भसाभस पाणी ओतून घेतायत. ही तर सहदेवची रोजची आंघोळ. टबात कसं बसायचं ह्याची त्याने लवूच्या सांगण्यावरून घरी पत्र्याच्या घमेल्यात आठवडाभर तालीम केली होती, ती सगळी फुकट गेली. तो स्टुलावर बसला आणि तांब्या पुढे घेतला. शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थाने तांब्या हातात घेऊन सगळीकडून पाहिला, बुडाशी टिचकी मारली आणि आपल्या भांड्याकडे जरा कमीपणाने बघितलं. सहदेवला वाटलं, आलो ते बरं झालं.

तो वर आला तेव्हा मालनही बायकांच्या हमामातून आली होती. चेहरा लालबुंद, केस मोकळे, पण कपाळाला आठी.

"तिकडे हौद भरून वाहतोय, तरी नळ चालूच. पाणी सरळ गटारात. मी जाऊन बंद केला. तिथली बाई आली, तिने चालू केला. मी परत बंद केला."

"मग?"

"असे सहा नळ आहेत, अहो. किती ठिकाणी धावू?"

सहदेवने समजावलं की ते झऱ्याचं पाणी आहे, ते वाहतंच, कितीही वाहिलं तरी संपत नाही. मालनने मान डोलावली. नंतर सहदेव तळ्यातले मासे बघून परत आला तर खोलीतलं प्रत्येक भांडं भरलेलं होतं. किटली, थर्मास, दोन कप, बर्फाचं भांडं, फुलं काढून फुलदाणी, तांब्या, आणि मोरीतला हौद काठोकाठ, त्यावर झाकण.

"संपत नाही म्हणालो ना?"

"नळाचा काय भरवसा," मालन म्हणाली आणि गादीवर पडली.

सकाळी सहदेवला जाग आली तेव्हा पडद्यातून ऊन आत आलं होतं. उशाशी हॉटेलचं घड्याळ होतं, लाल आकड्यांचं. सात पस्तीस. मालन झोपलेली. सहदेव श्वास धरून बसला. सात पंचेचाळीस. मालन झोपलेली. सहदेवच्या डोळ्यांपुढे लवूची मिशी यायला लागली. सात एकोणसाठ. आकडा बदलून आठ झाले, आणि त्याच क्षणी मालन ताडकन उठून बसली, केस बांधले आणि बादली शोधायला लागली.

"झोपलीस," सहदेव आनंदाने म्हणाला. "आठ वाजलेत, बघ. शब्द पाळला की नाही?"

मालनने घड्याळाकडे बघितलं आणि तीही खूश झाली. तेवढ्यात सहदेवचं लक्ष स्वतःच्या मनगटाकडे गेलं. लवूच्या सांगण्यावरून त्याने घड्याळ फिरवलेलं नव्हतं. मनगटावर साडेचार वाजले होते. म्हणजे बाई आठ वाजता उठलीच नव्हती. बाई साडेचारलाच उठली होती, चारकोपच्या. सहदेवने बाही खाली ओढली, पण मालनने पाहिलं होतं. तिचा चेहरा पडला.

"आज पाणी आलं असेल का हो वेळेवर?" तिने विचारलं.

तो दिवस तसा झकास गेला. निळ्या पाण्याचं एक कुंड पाहिलं, लाल पाण्याचं पाहिलं, वाफेवर उकडलेली अंडी खाल्ली. मालनला गरम वाळूत गळ्यापर्यंत पुरून घ्यायची फार हौस वाटली, आणि पुरल्यावर ती इतकी हसली की वाळू सारखी सुटायची आणि फावडेवाली बाई पुन्हा घालायची. संध्याकाळी परत आले तर खोली साफ करणाऱ्या मुलीने सगळी भांडी रिकामी करून, पुसून, फुलदाणीत फुलं लावून ठेवली होती. मालनने सगळी परत भरली. दुसऱ्या सकाळी आठच्या ठोक्याला पुन्हा उठली. मुलीने पुन्हा सगळं ओतलं, मालनने पुन्हा भरलं. दोघी एकमेकींकडे बघून वाकायच्या, पण मागे कोणी हटेना.

आता एकच सकाळ राहिली होती. दहा वाजता खोली सोडायची आणि तेव्हाच मशीनच्या कंपनीचे जपानी अध्यक्ष खुद्द येणार, फोटो काढणार. सहदेवचा जीव मात्र वेगळ्याच गोष्टीत अडकला होता. बाईचं वाक्य, बाईचं बक्षीस, नाव आपलं, आणि तिने सगळ्या जगाकडे मागितलं काय तर एक सकाळ. तीही आपल्याच्याने देववत नाही. जेवताना त्याने सरळ विचारलं, "तुला झोप का लागत नाही गं?"

"लागते की. पण कान जागे असतात." मालनने भातात आमटी शोधली, ती नव्हती. "माहेरी आई भरायची. मोरीत हंड्यांचा आवाज झाला की मी कूस बदलून परत झोपायचे. आईने उठवलं तरी उठायचे नाही. कुणीतरी भरतंय कळलं ना, की झोप लागते. आता माझ्या आधी कोण उठणार?"

सहदेवने मनगटावरचं घड्याळ एकदा बघून घेतलं.

तिसऱ्या सकाळी पावणेआठला तो उठला. मोरीत गेला, हौदाचं बूच काढलं, सगळी भांडी रिकामी केली. मनगटावर साडेचार व्हायला दोन मिनिटं असताना त्याने नळ सोडला. तांब्या भरला आणि खणकन खाली ठेवला. लाकडी बादली भरून हौदात धबाधब ओतली. पुन्हा भरली. तिकडे गादीवर हालचाल झाली. सहदेवने हात आखडला नाही. बादलीमागून बादली, मध्ये तांब्याचा आवाज, मध्ये किटलीचं झाकण. दहा मिनिटांनी त्याने हळूच डोकावलं. मालन कूस बदलून, पदर तोंडावर घेऊन, चक्क घोरत होती.

नऊ वाजले. साडेनऊ. आवाज थांबला की ती चुळबुळायची, म्हणून सहदेव थांबेचना. भरायचं आणि ओतायचं. कंबर धरली, पण आता मनगटावरचं घड्याळ त्याने मनावर घेतलं होतं. मालन आठ वाजेपर्यंत झोपायची ती चारकोपच्या आठ वाजेपर्यंत. म्हणजे जपानचे साडेअकरा.

दहा वाजता दारावर टकटक झाली. सहदेवने दार बोटभर उघडलं. बाहेर पैसाहेब, हॉटेलचे मॅनेजर, दोन किमोनोवाल्या, गळ्यात कॅमेरा अडकवलेला फोटोग्राफर, आणि मागे छोट्याशा चणीचे, पांढऱ्या केसांचे अध्यक्ष.

"मिस्टर धुरी, प्लीज. खाली सगळे थांबलेत. मिसेस धुरी कुठे आहेत?"

"झोपल्यात."

"मग उठवा."

"नाही उठवणार," सहदेव म्हणाला. अंगावर भिजलेला झगा, हातात बादली. आयुष्यात तो कुठल्या मॅनेजरला पहिल्यांदाच नाही म्हणत होता, आणि आश्चर्य म्हणजे ते सोपं गेलं. बहुतेक हमामात बघितल्यामुळे असेल. "साडेअकराला उठतील. तोवर कुणी मोठ्याने बोलायचं नाही. आणि एक सांगायचंय, साहेब. ते वाक्य माझं नव्हे. हिचं आहे. मी नुसतं नाव घातलं. फोटो काढायचा तर हिचा काढा, पण उठल्यावर."

पैसाहेबांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी घाम पुसत अध्यक्षांना इंग्रजीत काहीतरी सांगितलं. अध्यक्षांनी सगळं ऐकून घेतलं, आत जमिनीवर घोरणाऱ्या मालनकडे लांबून बघितलं, सहदेवच्या बादलीकडे बघितलं. मग ते कमरेतून वाकले, चांगले खाली, आणि किती तरी वेळ वर आले नाहीत. पाठोपाठ मॅनेजर वाकले, किमोनोवाल्या वाकल्या, शेवटी पैसाहेबही वाकले. मग अध्यक्षांनी चपला काढल्या आणि दाराबाहेर जमिनीवरच मांडी घालून बसले. सहदेव परत मोरीत गेला, कारण मालन चुळबुळायला लागली होती. फोटोग्राफरने तेवढ्यात एक फोटो काढून घेतला.

साडेअकराला मालन उठली. डोळे चोळत बाहेर आली तर दारात सहा माणसं चहा पीत गप्प बसलेली.

"अहो, वाजले किती?"

सहदेवने मनगट पुढे केलं. बरोबर आठ.

तोच फोटो पुढे जाहिरातीत छापून आला. भिजलेला सहदेव, झगा, बादली, वर मोठ्या अक्षरांत 'नळ जातो, पिंप राहतं' आणि खाली 'सौ. मालन धुरी, चारकोप'. सेक्टर दोनमध्ये कुठेही गेला तरी सहदेवला ऐकावं लागायचं, माणूस जपानला गेला आणि पाणी भरून आला. लवूने तर मिशीवरून तंटाच काढला. "साक्षीदार कोण?" तो विचारत राहिला. सहदेवने फोटोच्या कोपऱ्यात बसलेले अध्यक्ष दाखवले. लवूने दोन दिवस तोंडाला रुमाल बांधून काढले आणि दाढ दुखते असं सांगितलं.

पण ते नंतरचं. परत आल्यावरच्या पहिल्या पहाटे चारकोपात साडेचार वाजले. घड्याळ न फिरवल्याचा एवढाच फायदा, ते बरोबर होतं. सहदेव अंधारात उठला, ठेचकाळला, पाइप नळाला लावला आणि पाणी आल्यावर बायकोची झोप मोडू नये म्हणून नळाला फडकं गुंडाळून, चोरासारखा, थेंबाचाही आवाज न करता पिंप भरायला लागला. स्वतःवर तो फार खूश होता.

आतून मालनचा झोपाळलेला आवाज आला.

"अहो, असं गुपचूप काय भरताय? जरा आवाज करून भरा. मला झोपायचंय."

सहदेवने फडकं सोडलं आणि तांब्या खणकन जमिनीवर ठेवला.